वीसपैकी वीस

दुर्बीणराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वीज कंपनीत लाइनमन असताना एकदा रस्त्यावर उभ्या उभ्या, मान वर करून त्यांनी सांगितलं, की टॉवरच्या सगळ्यात वरच्या हातावरची चिनी मातीची थाळी तडकली आहे. इंजिनियर फिस्सकन हसला. "इथून दिसली? डोळ्यांत दुर्बीण बसवून घेतलीय काय?" म्हणाला. माणूस वर चढवला, तर तडा होता. केसाएवढा, पण होता. त्या दिवसापासून आख्खं ऑफिस त्यांना दुर्बीणराव म्हणू लागलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांनाही ते गोड लागलं. काही माणसांचं आयुष्यात एकदाच कौतुक होतं आणि पुढची तीस वर्षं ती त्यावरच काढतात. दुर्बीणराव त्यांतले.

निवृत्त झाल्यावर दोन महिने ते घरी बसले. घरी कसले, बायकोच्या डोक्यावर बसले. नळ का ठिबकतो, दूध का उतू गेलं, जिन्यातला दिवा दिवसा कोणी चालू ठेवला. "अहो, मी तीस वर्षं हे घर तुमच्या देखरेखीशिवाय चालवलंय," बायको म्हणाली. "कुठंतरी जा बाई एकदाचे!"

जायला जागा साडूभाऊंनी शोधून दिली. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कंपनीच्या पर्यावरण विभागाची जीप चालवायचे. त्या विभागात तिशीतल्या एक मॅडम होत्या, पक्ष्यांचा अभ्यास केलेल्या, आणि त्यांना विजेच्या तारांखाली मरून पडलेले पक्षी मोजायला माणूस हवा होता. "आमच्या साडूंची नजर बघा एकदा," साडूभाऊंनी छाती फुगवून सांगितलं. मॅडमनी दुर्बीणरावांना बोलावलं, काका म्हणाल्या, आणि काम दिलं.

काम सोपं वाटेल, पण नव्हतं. गावाबाहेर मोठं तळं होतं. त्याच्या काठाने टॉवरची रांग गेलेली, चौदा नंबरपासून एकतीसपर्यंत सहा किलोमीटर. आठवड्यातून दोनदा, उजाडलं की दुर्बीणरावांनी त्या तारांखालून नागमोडी चालत जायचं, दोन्ही अंगांना तीस-तीस पावलं. पक्षी दिसला की बांबूची खुंटी ठोकायची, फोटो घ्यायचा, फॉर्म भरायचा. जात कोणती, ओला की वाळलेला, पंख मोडलाय की मान. पाचाहून जास्त पिसं एका जागी सापडली तर तोही एक पक्षी धरायचा. पाच असतील तर नाही धरायचा. मॅडमचा नियम म्हणजे नियम.

आणि गंमत बघा, पक्षी जाड तारांवर मरत नव्हते. जाड तारा त्यांना धुक्यातही ऐन वेळी दिसायच्या. त्या चुकवायला ते वर उसळायचे आणि सगळ्यात वरच्या बारीक तारेवर आपटायचे. त्या तारेतून वीज जातच नाही. आभाळातली वीज पडली तर ती अंगावर घ्यायला ती असते. तीस वर्षांपूर्वी ती तार ओढणाऱ्या टोळीत दुर्बीणराव स्वतः होते. टॉवर बावीसवर बसून त्यांनी डबा खाल्ला होता, खाली तळ्यात करकोचे उभे होते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता पहिला करकोचा त्यांनी उचलला तेव्हा त्याची लांब मान मनगटावरून घरंगळली, आणि त्यांना उगाचच कोणीतरी रागावल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

"पक्षीच तो," बायको म्हणाली.

"आमच्या तारेवर मेला ना!"

हे सगळं मोजणं कशासाठी चाललंय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. माळावर सूर्याच्या उजेडावर चालणारी मोठी योजना उभी राहिली होती आणि तिची वीज शहरात न्यायला दुसरी लाइन टाकायची होती. वाटा दोन. एक सरळ, तळ्याच्या अरुंद गळ्यावरून. दुसरी डोंगराला वळसा घालून, तेरा टॉवर जास्त आणि दोन वर्षं उशीर. आखणी विभागाचे साहेब वाईट नव्हते. इस्पितळातली वीज दिवसातून तीनदा जाते, हे त्यांना आपल्या बहिणीच्या आजारपणात कळलं होतं. पण ते मॅडमना सर्वांसमोर म्हणाले होते, "जुन्या लाइनवर वर्षाला शंभरावर पक्षी मरत असतील, तर मी स्वतः लाइन डोंगरामागून नेतो. शब्द देतो. मात्र मला आकडा द्या, हळहळ देऊ नका."

म्हणून आकडा. दुर्बीणराव डोळ्यांत तेल घालून चालत होते ते त्या आकड्यासाठी.

पण डोळ्यांनीच दगा दिला हो! मोतीबिंदू. एकदम नाही, हळूहळू, काचेवर वाफ धरते तसा. पांढरा करकोचा अजून लांबून दिसायचा, पण वाळक्या गवतातलं तपकिरी बदक, पाणकोंबडी, छोटे चिखले, हे गवतातच विरघळून जायचे. कोणाला सांगतील तर शपथ! बायकोच्या लक्षात आलं होतं. एक दिवस यांनी आमटीत साखर घातली. "डॉक्टरकडे चला," ती म्हणाली. "बरण्या सारख्या ठेवतेस, दुसरं काय होणार?" हे म्हणाले. "हो, नाचता येईना अंगण वाकडं!" असं म्हणून तिने आमटी ओतून दिली.

त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. ऑपरेशन म्हणजे महिनाभर घरी. तेवढ्यात दुसरा माणूस ठेवतील, तो झाडाखाली बसून फॉर्म भरेल, आणि पक्ष्यांची दाद घेणारं कोणी राहणार नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण जातोय ते पक्ष्यांसाठी, असं ते स्वतःला बजावायचे, आणि त्यात अर्ध्याहून जास्त खरं होतं. उरलेलं दुर्बीणराव या नावापायी होतं.

साडूभाऊंनी मात्र एका सकाळी ते पाहिलं. टॉवर बावीसपाशी जीप लावून ते वाट बघत होते. दुर्बीणराव आले, एका मेलेल्या बदकापासून दोन हातांवरून गेले, आणि पुढे चालते झाले. साडूभाऊंनी हॉर्नवर हात नेला नि मागे घेतला. 

त्यानंतर आठच दिवसांनी मॅडमनी साडूभाऊंना खोलीत बोलावून एक झाकणाचा डबा आणि एक नकाशा दिला. डब्यात बर्फावर वीस मेलेले पक्षी. प्रत्येकाच्या पायाला निळा दोरा, पिसांखाली दडवलेला. नकाशावर वीस फुल्या. "उद्या काका निघायच्या आधी हे या जागी टाकून या. त्यांना यातलं काही कळता कामा नये. कोणालाच नाही, घरातसुद्धा नाही." का, कशासाठी, ते मॅडमनी सांगितलं नाही, आणि ड्रायव्हरने विचारायची पद्धत नव्हती.

साडूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा! म्हणजे कोणीतरी चुगली केली असणार, आणि उद्या काकांना डच्चू. संध्याकाळी ते दुर्बीणरावांच्या घरी आले. बायका आत बोलत होत्या. हे दोघे गॅलरीत.

"भाऊ, एक सांगतो, पण माझं नाव घ्यायचं नाही."

"बोला ना."

"उद्या तुमची परीक्षा आहे." सगळं सांगून झाल्यावर साडूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही, भाऊ. मी बघितलंय."

दुर्बीणराव उसळले. "कोण म्हणतं?" मग आपोआप खाली बसले. कठड्यावरचे चुन्याचे पोपडे नखाने काढत राहिले. "पांढरं दिसतं," ते शेवटी म्हणाले.

"मग झालं तर. प्रत्येक पक्ष्याशेजारी मी एक पांढरा खडा ठेवीन. अंड्याएवढा. तुम्ही पक्षी टिपलात की खडा पिशवीत टाकायचा. मागे एकही ठेवू नका, नाहीतर आपण दोघेही गेलो बाराच्या भावात."

दुसऱ्या दिवशी दुर्बीणराव निघाले. जन्मात पहिल्यांदा कॉपी करायची होती. पण मोजणाऱ्याची खोड जाते थोडीच! खडा दिसायच्या आधी पक्षी दिसला, असं किती वेळा झालं, ते त्यांनी मनातल्या मनात मोजलं. नऊ वेळा. बाकीच्या अकरा ठिकाणी आधी खडा दिसला, मग वाकून हाताने चाचपल्यावर पक्षी. संध्याकाळी फॉर्मवर वीस नोंदी गेल्या, आणि पिशवीत वीस खडे घरी आले. तळ्याकाठी टाकायची भीती वाटली. बायकोने ते खिडकीतल्या कुंडीभोवती छान गोल मांडले. "कधी नव्हे ते काहीतरी आणलंत," म्हणाली.

वर्ष संपलं. आकडा तयार झाला, बैठक भरली. लांब टेबल, टोकाला आखणीचे साहेब, भिंतीवर दोन वाटांचा नकाशा, एक निळी आणि एक लाल. मॅडमनी दुर्बीणरावांना मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं होतं. साडूभाऊ नकाशांची गुंडाळी घेऊन दाराशी उभे.

"कुत्री-कोल्हे उचलून नेतात ते हिशोबात धरून वर्षाला अडुसष्ट पक्षी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. त्यांना जास्त वाटले होते.

साहेबांनी विचारलं, "मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटलेले?"

"त्यासाठी आम्ही गुपचूप चाचणी घेतो. वीस पक्षी टाकले होते. मोजणाऱ्याला दहा सापडले असते, तर खरे मेलेले दुप्पट धरले असते. पण काकांना..." मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकांना वीसपैकी वीस सापडले. मी इतक्या ठिकाणी काम केलं, असं कुठं बघितलं नाही. त्यामुळे आकडा आहे तसाच धरावा लागेल. अडुसष्ट."

टेबलाभोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुर्बीणरावांसाठी!

तेव्हा कुठे त्यांना उमगलं. परीक्षा त्यांची नव्हतीच. त्यांना काढायलाही नव्हती. ते कमी बघतात तर कितीने कमी बघतात, एवढंच पाहिजे होतं. नऊ म्हटलं असतं तर अडुसष्टाचे दीडशे झाले असते, आणि लाइन भिंतीवरच्या लाल रेघेने, डोंगरामागून गेली असती. ते उठायला गेले. दाराशी नजर गेली. साडूभाऊंनाही कळलं होतं. ते नुसती मान हलवत होते. नको, भाऊ, नको. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष होतं. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होते, आणि मेव्हणीचं डायलिसिस कंपनीच्या दवाखान्यात चाललं होतं. त्या बाईने दुर्बीणरावांच्या लग्नात त्यांचे बूट लपवले होते.

दुर्बीणराव पुन्हा खाली बसले. "काका लाजले," कोणीतरी म्हणालं.

हरकती घ्यायला तीस दिवस होते. त्या तीस दिवसांत त्यांची झोप गेली. सांगावं तर मेव्हणीचं काय? न सांगावं तर तळ्याचं काय? बायकोने दहादा विचारलं, काय झालंय? हे कूस बदलायचे. तेविसाव्या दिवशी मात्र ठरवून उठले, दाढी केली, मॅडमच्या खोलीत गेले. म्हणायचं वाक्यही पाठ केलं होतं: त्या दिवशी मी एकट्याने फसवलं. साडूंचं नाव येऊच द्यायचं नाही.

"बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून चामड्याची जुनी केस काढली. "ही माझी पहिली दुर्बीण. बाबांनी दिलेली. तुम्हाला तिची गरज नाही हे मला माहीत आहे, पण दुर्बीणरावांकडे एक तरी हवीच की नाही?" त्या हसल्या, आणि मग डोळे पुसले. "तळं नाही वाचलं, काका. पण आपण खोटं मोजलं नाही. तेवढंच मनाला बरं वाटतं."

आता सांगा, कोणत्या तोंडाने बोलणार? आणि एकट्याने फसवलं म्हटलं, तरी पक्षी कुठे टाकलेत ते सांगितलं कोणी, हा प्रश्न काही सुटत नव्हता. दुर्बीणरावांनी केस गळ्यात अडकवली आणि घरी आले. उरलेले सात दिवस कॅलेंडरकडे बघितलं नाही.

टॉवर उभे राहिले. साहेब मनाने चांगले, त्यांनी वरच्या तारेला पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून फिरत्या चकत्या लावल्या. इस्पितळातली वीज जायची थांबली. ते चांगलंच झालं, कोण नाही म्हणेल? आणि नव्या लाइनीखालीही मोजायला माणूस हवाच होता. काकांशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव मॅडमनी घेतलंच नाही.

त्याआधी एक दिवस जिन्यातली शेवटची पायरी न दिसून दुर्बीणराव सपशेल आपटले, आणि बायकोने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी काढली तर खिडकीतल्या कुंडीवरची मुंगी दिसली. कुंडीभोवतीचे खडे दिसले, इतके पांढरे, की त्यांनी तोंड फिरवलं. महिनाभराने ते कामावर परत गेले, तेव्हा त्यांच्या जागेवर कोणीही आलेलं नव्हतं. मॅडमनी नुसती वाट बघितली होती.

पहिल्या फेरीला त्यांनी जुनी लाइन घेतली. वर्षभर ज्या वाटेने चालले, त्याच वाटेने. गवताच्या बुडख्यांशी हाडं होती, बारीक, वाळून करडी झालेली. चौदा ते बावीस एवढ्यातच एकोणीस ठिकाणी. ही काही कालपरवाची नव्हती. पायवाटेपासून वीतभर अंतरावर एका पाणकोंबडीची कवटी होती, आणि वाट त्यांच्याच पायांनी पडलेली. ते तिथेच मटकन बसले आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे रडले.

नवी लाइन तळ्याच्या गळ्यावर. तिथे अर्धे पाण्यात पडायचे, तरीही पहिल्या धुक्याच्या महिन्यात काठावर चव्वेचाळीस सापडले. चकत्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. धुक्यात कोणाला दिसणार? दुर्बीणरावांनी एकही सोडला नाही. खुंट्या ठोकून ठोकून तळहाताला घट्टे पडले. मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली, या वेळी स्वतः पक्षी टाकले. वीसपैकी वीस. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे!" मॅडम म्हणाल्या, आणि दुर्बीणरावांनी हसल्यासारखं केलं.

साडूभाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी दुर्बीणरावांना कोपऱ्यात घेतलं. मेव्हणी जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. "भाऊ," ते म्हणाले, "आता सांगायचं असलं तर सांगा. माझं काही उरलं नाही." आणि हात जोडले. साडूवर रागवायचं म्हणून दुर्बीणराव कित्येक रात्री तयारी करत होते. ऐन वेळी त्यांनी त्या माणसाला नुसतं जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंडीभोवतीचे खडे गोळा केले. "अहो, कुठं नेताय? चांगले दिसतायत," बायको म्हणाली. "ज्यांचे त्यांना देतो," ते म्हणाले.

मॅडमच्या टेबलावर त्यांनी ते एकेक करून मांडले. वीस. शेजारी दुर्बिणीची केस ठेवली. मग उभ्यानेच सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही, आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. मॅडमनी मध्ये एकदाच विचारलं.

"खडे नसते, तर किती दिसले असते?"

"नऊ. मी मोजले होते."

मॅडमनी पेन्सिल घेतली. एका फॉर्मच्या मागे अडुसष्ट लिहिलं, वीसने गुणलं, नऊने भागलं. एकशे एकावन्न. त्याखाली त्यांनी रेघ ओढली, आणि ती रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिल्या. दुर्बीणराव वाट बघत होते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हाकललं असतं तर आणखी बरं.

"नुसतं नापास व्हायचं होतं, काका," त्या म्हणाल्या. "एवढंच काम होतं तुमचं त्या दिवशी."

मग त्यांनी दुर्बीण ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि खडे ओंजळीने त्यांच्या पिशवीत परत घातले.